विश्लेषण : एकाच गावात अडकलेला ‘डेटा’ आणि सोलापूरच्या हिराचंद नेमचंद यांनी पाळलेला शब्द

बँकेचे डेटा सेंटर पाण्याखाली गेले किंवा जळाले, तरी खातेदाराची शिल्लक बुडत नाही, कारण तिची दुसरी प्रत शेकडो किलोमीटर दूर दुसऱ्या शहरात तयार असते. डेटाबेसची अशी दूरवर चालू प्रत ठेवण्याला ‘रेप्लिकेशन’ म्हणतात आणि आपत्तीनंतर त्या प्रतीवर काम उभे करण्याला ‘डिझास्टर रिकव्हरी’. ही यंत्रणा संगणकाच्या काळातली असली, तरी तिच्यामागचा प्रश्न जुना आहे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी त्या प्रश्नावर उमेदीची वर्षे घातली. दुसरी प्रत तयार करण्यात त्यांना यश आले. ती दूर नेण्याची वेळ आली, तेव्हा मात्र त्यांचा स्वतःचा शब्दच आड आला.

हिराचंद नेमचंद कोण होते?

सोलापूरकरांना हे नाव कॉलेजमुळे ठाऊक आहे. हिराचंद नेमचंद कॉलेज ऑफ कॉमर्समधून शहरातल्या कित्येक पिढ्या पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि हिराचंद नेमचंद वाचनालयात त्यांच्यातल्या अनेकांनी अभ्यास केला. बाहेरच्यांसाठी ओळख सांगायची, तर विमान, जहाज आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया घालणाऱ्या वालचंद हिराचंद यांचे ते वडील. वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांची आई राजूबाई वारली. मुलगा इतका मोठा झाला की वडिलांचे स्वतःचे काम त्याच्या सावलीत गेले. खरे तर ते काम वेगळ्याच जातीचे होते.

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन. व्यापारासाठी दक्षिणेत उतरलेल्या अनेक गुजराती घराण्यांप्रमाणे ते सोलापुरात स्थिरावले. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा धंदा. रेल्वे आलेली, १८७७ मध्ये शहराची पहिली कापडगिरणी (आजही सोलापूरकर तिला ‘जुनी मिल’ म्हणतात) उभी राहिलेली, अशा काळात पेढीला बरकत होती. पण हिराचंद यांचे मन केवळ पेढीत रमले नाही. शिक्षण, धार्मिक सुधारणा आणि ग्रंथप्रसार हे त्यांचे विषय होते. १८८०च्या दशकात त्यांनी सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक सुरू केले. धर्मग्रंथ छापणे हेच पाप, असे मानणारा मोठा वर्ग तेव्हा समाजात होता. हिराचंद छपाईच्या बाजूने उभे राहिले.

सावकाराच्या वहीचा आणि डेटाबेसचा संबंध काय?

संबंध जवळचा आहे. जुन्या पेढीवर दिवसभरातला प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरे, ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने. मग सवडीने त्याची खतावणी होई, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यावर तो नोंदला जाई. खतावणी फाटली, भिजली तरी मुनीम डोके धरून बसत नसे. कालची शिल्लक आणि आजची रोजकीर्द हाताशी असेल, तर खाती पुन्हा उभी करता येत.

आजचा डेटाबेस हुबेहूब असाच चालतो. प्रत्येक बदल आधी एका क्रमवार नोंदीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये लिहिला जातो आणि मग तक्त्यांमध्ये जातो. दूरच्या शहरात प्रत ठेवायची, तर सगळा डेटाबेस रोज उचलून न्यावा लागत नाही. एकदा पूर्ण प्रत नेली, की पुढे फक्त लॉग पाठवत राहायचा. पलीकडचा संगणक तो वाचतो आणि तेच बदल स्वतःकडे त्याच क्रमाने करतो. मूळ जागेला ‘प्रायमरी’ आणि दूरच्या प्रतीला ‘स्टँडबाय’ म्हणतात. मुख्य पेढीची रोजकीर्द रोज मुंबईच्या पेढीवर पाठवून तिथे दुसरी खतावणी लिहून घेण्यासारखेच हे आहे.

एकाच ठिकाणची वही म्हणजे काय धोका, हे हिराचंद यांच्या पिढीने जवळून पाहिले होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत रोख मुख्यतः कर्जरोखे आणि कागदांवर होता. कागद जळला की कर्ज संपले, इतका साधा हिशेब. त्यानंतर आलेला १८७९चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात रोखे गावच्या निबंधकापुढे करून त्यांची नोंद ठेवण्याची तरतूद होती. हेतू कर्जदाराला फसवणुकीपासून वाचवण्याचा होता. पण परिणामी व्यवहाराची एक नोंद सावकाराच्या घराबाहेर राहू लागली.

मूडबिद्रीत असे काय होते?

कर्नाटकच्या किनारपट्टीवर मंगळूरजवळ मूडबिद्री हे जैनांचे प्राचीन क्षेत्र आहे. तिथल्या सिद्धांत बसदीत ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत लिहिलेले तीन ग्रंथ होते, धवला, जयधवला आणि महाधवला. दिगंबर परंपरेत यांच्यापेक्षा वरचे स्थान दुसऱ्या कशालाच नाही. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांचा ‘षट्खंडागम’ हा मूळ ग्रंथ. राष्ट्रकूटांच्या काळात वीरसेनाचार्यांनी त्यावर धवला ही टीका लिहिली, तिचा विस्तार परंपरेने ७२ हजार श्लोकांएवढा मानला जातो. जयधवला त्यांचे शिष्य जिनसेन यांनी इ.स. ८३७ मध्ये पूर्ण केली, ती ६० हजारांची. महाधवला म्हणजे भूतबलींचा ‘महाबंध’. कर्मसिद्धांताचे हे ग्रंथ आहेतच, शिवाय धवलेतले गणित आजही अभ्यासकांना चकित करते. मोठमोठ्या संख्या पुन्हा पुन्हा निम्म्या करत मोजण्याची, लॉगॅरिथमची आठवण करून देणारी रीत त्यात आहे.

एवढे ग्रंथ शतकानुशतके एकाच गावात होते. धवलेच्या ताडपत्रांचा तिथे एकाहून अधिक संच होता, असे पुढे दिसून आले. पण सगळे त्याच गावात. आज कुणी मूळ डेटा आणि त्याचा बॅकअप एकाच इमारतीत ठेवला, तर लेखापरीक्षक पहिला शेरा त्यावरच मारील. आग, पूर आणि वाळवी प्रती मोजत नाहीत, जागा बघतात.

त्यातही एक अडचण अशी, की हे ग्रंथ वाचणारेच उरले नव्हते. यात्रेकरू येत, ताडपत्रांचे दर्शन घेत, हात जोडून परत जात.

दर्शनापासून नकलेपर्यंत अकरा वर्षे का गेली?

१८८३ मध्ये मुंबईचे जव्हेरी शेठ माणिकचंद हिराचंद (यांच्या नावातला हिराचंद वेगळा) यात्रेसाठी मूडबिद्रीला गेले. ताडपत्रे जीर्ण होत असलेली त्यांनी पाहिली. ती वाचू शकेल असा एकच माणूस आहे, श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री, असे त्यांना सांगण्यात आले. परतल्यावर माणिकचंद यांनी सोलापूरच्या मित्राला पत्र लिहून स्वतः जाऊन पाहायला सांगितले.

पुढच्याच वर्षी हिराचंद निघाले. मंगळूरला रेल्वे पोचली ती १९०७ मध्ये, यावरून १८८४ मधला हा प्रवास कसा असेल याची कल्पना यावी. त्यांनी ब्रह्मसूरी शास्त्रींना बरोबर घेतले आणि धवलेचे मंगलाचरण त्यांच्याकडून वाचून घेतले. शतकानुशतके फक्त पाहिलेली अक्षरे त्या दिवशी ऐकली गेली. नक्कल करवून घ्यायची हे हिराचंद यांनी तिथेच ठरवले आणि शास्त्रींनीही होकार दिला.

त्यानंतर मात्र दहा-अकरा वर्षे काम हलले नाही. व्यापाराचा व्याप होता, आणि लेखनिकांना वर्षानुवर्षे पोसायचे तर पैसा लागणार होता. मधल्या काळात अजमेरच्या शेठ मूलचंद सोनी यांनी प्रयत्न करून पाहिला. थोडी नक्कल झालीही, पण ती अजमेरला न्यायची म्हटल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकांनी आणि पंचांनी नकार दिला आणि काम तिथेच थांबले. या नकाराला नुसता हट्ट म्हणून मोडीत काढता येणार नाही. ज्यांनी परचक्रांतून आणि राजवटी बदलताना हे ग्रंथ जपले, त्यांच्या दृष्टीने ग्रंथ बाहेर जाणे म्हणजे तो अपात्र हातांत जाणे होते. डेटाच्या जगातही ही चिंता तितकीच खरी आहे, कारण प्रत वाढली की ती राखायची एक जागा वाढते. चोराला मूळ सर्व्हर फोडता आला नाही, तरी दुर्लक्षित राहिलेला स्टँडबाय पुरेसा असतो.

१८९५ मध्ये दोन्ही शेठांनी विषय पुन्हा हाती घेतला. हिराचंद यांनी शंभर-शंभर रुपये देणारे साहाय्यक मिळवून निधी उभा केला. लेखनिक म्हणून ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्ये यांची नेमणूक झाली. अजमेरचा अनुभव समोर होता, म्हणून मूडबिद्रीच्या मंडळींना शब्द देण्यात आला, की प्रती होतील, पण गावाबाहेर जाणार नाहीत. पुढचे सगळे या एका अटीभोवती फिरले.

प्रत झाली, पण राहिली कुठे?

१८९६ मध्ये काम सुरू झाले. मुंबईत प्लेगने शिरकाव केला तेच हे वर्ष. शे-दीडशे कोसांवरचे माणूस उद्या असेल की नाही याची खात्री नसलेला काळ. आणि फटका बसलाच. जयधवलेची थोडी पाने उतरवून झाली असतील-नसतील, तोच ब्रह्मसूरी शास्त्री वारले. ही लिपी वाचू शकणारा म्हणून ज्यांचे नाव सांगितले गेले होते, तेच गेले. नशीब एवढेच, की गजपती उपाध्ये तोवर तयार झाले होते. त्यांनी पुढची सुमारे सोळा वर्षे धवला आणि जयधवला नागरीत उतरवण्यात घालवली. कन्नड लिपीतही प्रती करवून घेण्यात आल्या. महाधवलेचे काम त्यानंतर इतरांच्या हातून झाले. तिन्ही ग्रंथ पुरे व्हायला १९२२ उजाडले. म्हणजे सव्वीस वर्षे.

या सव्वीस वर्षांचे फळ काय? जुन्या कन्नडऐवजी नागरी, ताडपत्राऐवजी कागद. ग्रंथ आता वाचता येणार होते, हा फायदा मोठाच होता. पण आपत्तीचा धोका होता तिथेच राहिला. नवी प्रत मूळ प्रतीच्या शेजारी, त्याच गावात, त्याच पावसात. डिझास्टर रिकव्हरीच्या भाषेत याला बॅकअप म्हणता येईल, दूरस्थ प्रत म्हणता येणार नाही.

हे अंतर किती असावे, हा प्रश्न आजच्या तंत्रज्ञांनाही पडतो. सोलापूरकरांना त्याचे उत्तर ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेने दिले आहे. किल्लारीचा भूकंप झाला ते ठिकाण सोलापूरपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि धक्का सोलापुरातही बसला. तेव्हा प्रायमरी एका गावात आणि स्टँडबाय शेजारच्या तालुक्यात, ही सोय नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबई महानगराचा मोठा पट्टा एकाच वेळी ठप्प झाला होता. म्हणून वेगळे नदीखोरे, वेगळा भूकंपप्रवण पट्टा, वेगळी वीजवाहिनी असे सगळे पाहून दुसरी जागा निवडतात.

मग आणखी दूर का जात नाहीत? कारण अंतराची किंमत वेळेत मोजावी लागते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. सोलापूर ते मूडबिद्री सरळ रेषेत पाचशेहून थोडे अधिक किलोमीटर, म्हणजे जाऊन परत यायला पाच मिलिसेकंद. फोनवरून चादरीचे पैसे चुकते करणाऱ्या ग्राहकाला ते जाणवणारही नाहीत. पण बँकेच्या डेटाबेसवर सेकंदाला हजारो व्यवहार होत असतात आणि प्रत्येकाने पलीकडून पोच येईपर्यंत थांबायचे ठरवले, तर रांग लागते. अशा थांबणाऱ्या पद्धतीला ‘सिंक्रोनस’ म्हणतात. तिच्यात एकही नोंद हरवत नाही. पण ती काटेकोरपणे पाळायची, तर पलीकडची जागा बंद पडली की अलीकडचेही अडते. दुसऱ्या, ‘असिंक्रोनस’ पद्धतीत प्रायमरी पोचेची वाट न बघता पुढे जाते आणि लॉग मागून पोचतो. काम वेगाने होते, पण आपत्ती ऐन वेळी आली तर वाटेत असलेले शेवटचे काही सेकंद गेले. म्हणून मोठ्या बँका बहुधा दोन्ही जोडतात. जवळच्या शहरात थांबून घेतलेली प्रत, दूरच्या शहरात मागून जाणारी प्रत.

किती नोंदी गमावणे परवडेल याच्या मर्यादेला ‘आरपीओ’ आणि काम पुन्हा किती वेळात उभे राहायला हवे याच्या मर्यादेला ‘आरटीओ’ म्हणतात. सोलापूरच्या परिवहन कार्यालयाशी याचा काही संबंध नाही.

दारात आलेली प्रत हिराचंद यांनी का नाकारली?

मूडबिद्रीत गजपती उपाध्ये दिवसा अधिकृत नक्कल करत होते. त्याच काळात घरी दुसरेही एक काम चालले होते. कुणाला न सांगता ते कन्नड लिपीत आणखी एक प्रत उतरवत होते आणि त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई त्यांना हातभार लावत होत्या. एवढा प्रचंड मजकूर दोनदा लिहायचा, त्यातही दुसऱ्यांदा चोरून. त्यांच्या मनात ग्रंथ वाचवण्याची तळमळ किती आणि मोबदल्याची आशा किती, हे आज कुणी तोलू शकत नाही. दोन्ही असणे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे.

ही प्रत घेऊन गजपती मूडबिद्रीबाहेर पडले आणि थेट सोलापूरला हिराचंद यांच्याकडे आले. योग्य तो मोबदला घेऊन प्रत ठेवून घ्यावी, असे त्यांनी सुचवले. तीसेक वर्षांपूर्वी जे पाहिजे होते ते आता दारात उभे होते. दूरच्या शहरात, सुरक्षित घरात, पूर्ण प्रत. हिराचंद यांनी ती ठेवून घेतली नाही. उलट माणिकचंद यांनाही लिहिले, की त्यांनीही ती घेऊ नये. प्रत बाहेर नेणार नाही असा शब्द दोघांनी मूडबिद्रीला दिला होता, हेच त्यामागचे कारण समजले जाते. सगळा व्यवहार शब्दावर चालण्याचे ते दिवस. हुंडीवर सही करणारा माणूस शब्द मोडला तर पेढी मोडते हे जाणत होता. शिवाय विश्वास एकदा तुटला असता, तर महाधवलेची पाने मूडबिद्रीने पुन्हा कधी उघडू दिली असती का, हा प्रश्न होताच. ते काम तेव्हा व्हायचे होते.

तरीही हा निर्णय सोपा नव्हता आणि आज वाचणाऱ्यालाही तो सहज पचत नाही. त्या दिवशी गजपती निराश होऊन घरी बसले असते, किंवा वाटेत एखाद्या नदीच्या उतारावर पेटारा भिजला असता, तर दूरच्या प्रतीची गोष्ट तिथेच संपली असती. शब्द पाळणे आणि ग्रंथ वाचवणे, दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी करता येण्यासारखे नव्हते. हिराचंद यांनी पहिले निवडले. दुसरे इतरांच्या हातून झाले.

मग प्रती पसरल्या कशा?

गजपती उत्तरेकडे निघाले. १९१५च्या सुमारास सहारनपूरच्या लाला जंबूप्रसाद यांनी ती प्रत घेतली आणि आपल्या मंदिरात ठेवली. मूडबिद्रीपासून सहारनपूर सरळ रेषेत सुमारे १,९०० किलोमीटर. कुणीही आखणी न करता उभी राहिलेली ही पहिली दूरस्थ प्रत. पण ती कन्नड लिपीत होती आणि सहारनपुरात ती वाचणार कोण? म्हणून पंडित विजयचंद्रय्या आणि पंडित सीताराम शास्त्री यांना नेमून तिचे नागरीकरण झाले. त्यात इतिहासाने स्वतःचीच नक्कल केली. सीताराम शास्त्रींनी एक प्रत स्वतःकडे ठेवली आणि तिच्यावरून पुढे कारंजा, अमरावती, बिहारमधील आरा अशा अनेक ठिकाणी प्रती गेल्या.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजमधील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी या प्रती एकमेकींशी ताडून धवलेचा पहिला खंड १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. हिराचंद, माणिकचंद आणि गजपती यांची ही हकीकत त्यांनीच त्याच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवली. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये संपादनात साहाय्यक होते. सोळावा आणि शेवटचा खंड निघायला १९५८ साल उजाडले.

आता यातला खरा कळीचा भाग. पहिल्या खंडाच्या ९३व्या सूत्रात एक शब्द गळला असावा, असे संपादकांना अर्थाच्या ओघावरून वाटले. ‘संजद’ म्हणजे संयत. उपलब्ध प्रतींमध्ये तो नव्हता, म्हणून त्यांनी मजकुरात न घुसडता तळटीपेत शंका नोंदवली. सूत्र स्त्रियांच्या आध्यात्मिक पायऱ्यांविषयीचे, त्यामुळे हा शब्द असणे-नसणे म्हणजे स्त्रियांना मोक्षाचा अधिकार आहे की नाही या जुन्या वादात भर. समाजात वादळ उठले. छापील खंड पाहिल्यावर मूडबिद्रीकरांचे मन वळले होते आणि मूळ ताडपत्रांशी ताडून पाहण्याची परवानगी मिळाली. ताडपत्रावर तो शब्द होता. जुन्या कन्नडमधून कन्नडमध्ये, तिथून नागरीत, पुन्हा नागरीत अशा प्रवासात कुठल्या तरी लेखनिकाची नजर एका शब्दावरून घसरली होती आणि ती चूक पुढच्या प्रत्येक शहरात इमानेइतबारे पोचली होती.

डेटाबेस सांभाळणाऱ्यांना या एका शब्दात आपला रोजचा घोर दिसेल. रेप्लिकेशन चांगले-वाईट जाणत नाही. सोलापुरात कुणी चुकून एक तक्ता पुसला, तर क्षणार्धात तो पाचशे किलोमीटरवरही पुसला जातो. खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेला डेटाही तितक्याच तत्परतेने पलीकडे जातो. म्हणून चालू प्रत असली तरी ठरावीक वेळी घेतलेले, नंतर बदलता न येणारे बॅकअप वेगळे ठेवावे लागतात. काही ठिकाणी एक स्टँडबाय मुद्दाम काही तास मागे चालवतात, चूक पोचण्याआधी हात घालायला वेळ मिळावा म्हणून. दोन्हीकडचा डेटा जुळतो का, हे तपासण्यासाठी दोन्ही बाजूंना गणिती बेरीज (चेकसम) काढून ताडतात. एका प्रकारच्या डेटाबेसमधून दुसऱ्या प्रकारात प्रत नेताना तर हे टाळताच येत नाही, कारण लिपी बदलताना जे होते तेच तिथेही होते. एखादे अक्षर पलीकडे बसतच नाही.

आणि तपासणी म्हणजे प्रत्यक्ष काम चालवून पाहणे. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले निर्देश महत्त्वाच्या यंत्रणांसाठी किमान सहा महिन्यांतून एकदा आपत्तीचा सराव करायला सांगतात. प्रायमरी बंद आहे असे समजून स्टँडबायवर कामकाज चालवायचे. कुलूपबंद कपाटातली, कधीच न उघडलेली प्रत ही केवळ समजूत असते. मूडबिद्रीत लोक ज्या ताडपत्रांना नमस्कार करत होते, त्यांची अवस्था काय होती हे वाचायला बसल्यावरच कळले ना!

काय वाचले, काय गेले?

धवला आणि जयधवला आज छापील खंडांत आहेत. महाबंध भारतीय ज्ञानपीठाने १९४७ पासून पुढे प्रसिद्ध केला, पण त्याची काही ताडपत्रे नकलेआधीच नष्ट झाली होती. त्या पानांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. सहारनपूरला नाही, सोलापूरला नाही, मूडबिद्रीतही नाही. तो मजकूर कायमचा गेला. ही हानी कळल्यावर आचार्य शांतिसागर यांच्या प्रेरणेने १९४०च्या दशकात हे ग्रंथ ताम्रपत्रांवर कोरण्याचे काम हाती घेण्यात आले. वाळवीला तांबे खाता येत नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता.

सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने धवलेचे खंड पुढे १९७०च्या दशकापासून पुन्हा छापायला घेतले. हिराचंद यांच्या दारातून परत गेलेला मजकूर सहारनपूर आणि अमरावती असा वळसा घालून, मूळ ताडपत्रांशी ताडून घेतलेल्या रूपात, त्यांच्याच गावी आला. मुलाच्या नावाच्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आता संगणकशास्त्राची मुले डेटाबेस शिकतात. प्रायमरी, स्टँडबाय आणि लॉग या गोष्टी त्यांच्या अभ्यासाचा भाग असतात.